तपकिरी चरबी : देहातील शेगडी

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या पौषात माझ्या थोरल्या बहिणीला मुलगा झाला. दिवस पुरे व्हायला तीन आठवडे असतानाच बाळ जन्मले आणि त्याचे वजन अवघे २ किलो १०० ग्रॅम भरले. रुग्णालयातील परिचारिकेने त्याला आंघोळ घातली नाही. नुसते कोरडे पुसले, ताईच्या उघड्या छातीवर ठेवले आणि दोघांवर मिळून पांघरूण घातले. आमच्या आजीला हे मुळीच पटले नाही. तिच्या हातून गावातली कितीतरी बाळे न्हाऊन-माखून वाढली आहेत. "पारोसं लेकरू तसंच आईच्या अंगाला लावलं," असे ती दोन दिवस पुटपुटत होती. चौथ्या दिवशी ताई बाळाला घेऊन आमच्या घरी आली, तेव्हा आजीने चुलीवर पाण्याचा हंडा चढवलाच. ताई म्हणाली, "सिस्टरांनी सांगितलंय, वजन वाढेपर्यंत आंघोळ नको. थंडी बाधेल." त्यावर आजीने दुपटे बाजूला सारून बाळ आम्हांला दाखवले आणि विचारले, "कुठं कुडकुडतंय का बघा. थंडी वाजली असती तर थरथरलं नसतं का?"

प्रश्न बिनतोड होता. आईने माझ्याकडे पाहिले. "तू कॉलेजात जातीस. तूच सांग काय खरं ते."

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे औषधाच्या बाटलीवर काय लिहिले आहे येथपासून ते बँकेचा कागद कसा भरायचा येथपर्यंत सारे प्रश्न माझ्याकडे येतात. पण मी कलाशाखेची विद्यार्थिनी. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक मी हाती धरलेले नाही. मला उत्तर देता आले नाही. त्या दिवशी हंडा उतरला तो ताईच्या हट्टामुळे. माझ्या शिक्षणाचा त्यात काही वाटा नव्हता. ही बोच मनात घेऊन मी ग्रंथालयात गेले, कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या सरांना भेटले, आणि एकच प्रश्न विचारीत राहिले : बाळाला थंडी वाजत असेल, तर ते कुडकुडत का नाही? त्या प्रश्नाचे उत्तर 'तपकिरी चरबी' या दोन शब्दांत आहे. ते उत्तर शोधताना जे वाचले आणि समजून घेतले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न करते.

कणगी आणि शेगडी

चरबी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर सुटलेले पोट येते. ही चरबी पांढरट-पिवळसर रंगाची असते. तिला पांढरी चरबी म्हणतात. तिच्या प्रत्येक पेशीत तेलाचा एकच मोठा थेंब असतो आणि तो पेशीची जवळजवळ सगळी जागा व्यापून टाकतो. तिचे मुख्य काम साठवणीचे. एक ग्रॅम चरबीत सुमारे ९ उष्मांक साठतात. सुगीत भरून ठेवलेली कणगी जशी पुढच्या तुटीच्या दिवसांत उपयोगी पडते, तशी ही चरबी उपवासात, आजारपणात उपयोगी पडते.

परंतु शरीरात आणखी एका प्रकारची चरबी असते. तिच्या पेशीत तेलाचा एक मोठा थेंब नसून अनेक बारीक थेंब विखुरलेले असतात आणि त्या थेंबांच्या मधून तंतुकणिकांची दाटी असते. तंतुकणिका म्हणजे पेशीतील अन्न जाळण्याच्या भट्ट्या. त्यांत लोहयुक्त प्रथिने असतात. शिवाय या चरबीला रक्ताचा पुरवठाही भरपूर असतो. त्यामुळे तिला तपकिरी रंग येतो. पांढरी चरबी ही कणगी असेल, तर तपकिरी चरबी ही शेगडी आहे. ती स्वतःजवळचे तेल जाळते आणि त्यातून ऊब तयार करते.

ही चरबी दिसली फार पूर्वी, पण तिचे काम कळायला माणसाला चार शतके लागली. झुरिकचा निसर्गशास्त्रज्ञ कॉनरॅड गेसनर याने १५५१ मध्ये प्राण्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात आल्प्स पर्वतातील मार्मोट या प्राण्याच्या अंगात असा एक भाग असल्याची नोंद केली. त्याला मांसही म्हणता येईना आणि चरबीही म्हणता येईना. मार्मोट हिवाळाभर बिळात निद्रिस्त राहतो. म्हणून पुढे अनेक वर्षे या भागाला 'शीतनिद्रेची ग्रंथी' असेच म्हणत. ती ग्रंथी नसून ऊब निर्माण करणारी चरबी आहे, हा विचार १९६१ मध्ये पुढे आला. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट स्मिथ यांनी थंडीला सरावलेल्या उंदरांचा अभ्यास करून तो मांडला. १९७८ मध्ये कॅनडातील डेव्हिड फॉस्टर आणि लॉरेन फ्रिडमन यांनी अशाच उंदरांच्या शरीरात कोणत्या भागाकडे किती रक्त वाहते हे मोजले आणि दाखवून दिले, की न कुडकुडता जी ऊब निर्माण होते तिचा मोठा वाटा या लहानशा तपकिरी चरबीतून येतो. तोवर हे श्रेय स्नायूंना दिले जात असे.

धरणाचा सांडवा

ही चरबी ऊब कशी तयार करते, हे समजून घेताना मला सर्वांत जास्त वेळ लागला. सरांनी मला धरणाचे उदाहरण दिले आणि मग ते उलगडले.

आपण खाल्लेले अन्न तंतुकणिकेत जळते. त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर हायड्रोजनचे धनभारित कण, म्हणजे प्रोटॉन, आतल्या पडद्याच्या पलीकडे उपसले जातात. धरणात पाणी साठावे तसे ते तेथे साठतात. त्यांना परत आत यायचे असते. पण वाट एकच असते आणि त्या वाटेवर टर्बाइनसारखे एक यंत्र बसवलेले असते. प्रोटॉन त्यातून येताना यंत्र फिरते आणि एटीपी हे द्रव्य तयार होते. चालणे, बोलणे, विचार करणे, हृदयाचे ठोके अशा शरीराच्या सर्व कामांना लागणारी शक्ती एटीपी पुरवते. हे तत्त्व पीटर मिचेल या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडले. आरंभी त्याला बराच विरोध झाला, पण १९७८ मध्ये त्याच तत्त्वासाठी त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तपकिरी चरबीच्या तंतुकणिकांत या धरणाला एक सांडवाही असतो. तो म्हणजे यूसीपी-१ नावाचे प्रथिन. सांडवा उघडला की प्रोटॉन टर्बाइनला वळसा घालून सरळ आत कोसळतात. यंत्र फिरत नाही, एटीपी तयार होत नाही. साठलेली सगळी शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. पाणी साठवायला तर अन्न जाळावेच लागते. म्हणून सांडवा उघडा असेपर्यंत पेशी भराभर तेल जाळीत राहते. या पेशींमधून वाहणारे रक्त गरम होते आणि ती ऊब हृदयाकडे, मेंदूकडे आणि सर्व शरीरभर नेते.

हा सांडवा आपोआप उघडत नाही. त्वचेला गारवा लागला की ती खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाकडे जाते. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास राखणे हे त्या भागाचे एक काम आहे. तेथून अनुकंपी मज्जासंस्थेद्वारे तपकिरी चरबीला आज्ञा जाते. मज्जातंतूंच्या टोकांतून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे द्रव्य स्रवते, पेशीतील तेलाचे विघटन होऊन मेदाम्ले सुटी होतात, आणि हीच मेदाम्ले सांडवा उघडतातही आणि इंधन म्हणून जळतातही. थंडी सरली की आज्ञा थांबते आणि सांडवा बंद होतो. ही शेगडी पेटवणारा आणि विझवणारा मेंदू आहे, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे महत्त्व कळेल.

आजीच्या प्रश्नाचे उत्तर

थंडी पडली की मोठ्या माणसाचे शरीर दोन-तीन उपाय करते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात. मग स्नायू भराभर आखडू-सैलावू लागतात. त्यालाच आपण कुडकुडणे म्हणतो. स्नायूंच्या या हालचालीतून उष्णता निर्माण होते. तान्ह्या बाळाला हा दुसरा उपाय जवळजवळ उपलब्धच नसतो. त्याच्याजवळ ऊब निर्माण करण्याचे मुख्य साधन म्हणजे तपकिरी चरबी. ती दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, मानेत, पाठीच्या कण्याच्या बाजूने आणि मूत्रपिंडांभोवती असते. ऑक्सफर्डच्या मायकेल डॉकिन्स आणि डेव्हिड हल यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत सशाच्या नवजात पिल्लांवर प्रयोग करून ही गोष्ट स्पष्ट केली. थंडीत ठेवलेल्या पिल्लांच्या पाठीवर जेथे ही चरबी असते, तेथील भाग इतर अंगापेक्षा अधिक उबदार राहतो असे त्यांना आढळले.

निसर्गाने ही शेगडी सर्वांना दिलेली नाही. पक्ष्यांना ती नसते. डुकराच्या वंशात यूसीपी-१ चे जनुक सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच मोडले आहे, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. त्यामुळे डुकराची पिल्ले जन्मल्याबरोबर कुडकुडतात आणि एकमेकांना बिलगून राहतात. माणसाचे बाळ कुडकुडत नाही. त्याची पाठ आतल्या आत तेल जाळीत असते.

म्हणजे आजीचे निरीक्षण अगदी खरे होते. तिने काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. बाळ कुडकुडत नव्हते, कारण बाळाची थंडी मुकी असते. बाहेरून काहीही दिसत नसताना ते आपली तुटपुंजी साठवण खर्च करीत असते. आणि ती साठवण खरोखरच तुटपुंजी असते. वजनाच्या मानाने बाळाची त्वचा मोठ्या माणसाच्या सुमारे तिप्पट पसरलेली असते, त्यामुळे ऊब झपाट्याने निघून जाते. जन्मतः ते ओले असते. अंगावरचे पाणी वाळताना आणखी ऊब घेऊन जाते, आणि काही मिनिटांतच अंगाचे तापमान एक-दोन अंशांनी उतरू शकते. तपकिरी चरबी बाळाच्या अंगावर चढते ती मुख्यतः गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. म्हणून जे बाळ लवकर जन्मते, त्याची शेगडीही लहान आणि इंधनही थोडे.

शेगडीला इंधन लागते तशी हवाही लागते. गारठलेले बाळ अधिक प्राणवायू वापरते आणि रक्तातील साखरही संपवून टाकते. साखर उतरली की बाळ मलूल होते. मलूल बाळ नीट पीत नाही. पीत नाही म्हणून ऊब आणखी कमी होते. हा फेरा कसा प्राणघातक होतो, हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आजीने चुलीवर चढवलेला तो हंडा आला.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते नवजात बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंशांच्या दरम्यान असावे. ३६ च्या खाली गेले तर काळजीचे, आणि ३२ च्या खाली गेले तर जिवावरचे. म्हणून जन्मानंतर निदान २४ तास आंघोळ घालू नये, बाळाला कोरडे करून आईच्या त्वचेला लावून ठेवावे आणि तासाभरात अंगावर पाजावे, असा तिचा सल्ला आहे. परिचारिकेने केले ते नेमके हेच. पहिले पिवळसर चिकाचे दूध पूर्वी कित्येक घरांत पिळून टाकून देत असत. ज्या शेगडीत दोन-चारच निखारे उरले आहेत, तिच्यातले सरपण काढून घेण्यासारखेच ते होते.

मोठ्या माणसांचे काय?

तान्हेपण सरले की ही चरबी नाहीशी होते, असा समज फार दिवस होता. त्याला छेद देणारे पुरावे अधूनमधून मिळत होते. फिनलंडमध्ये उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांच्या मृत्यूनंतर तपासणी केली असता त्यांच्या मानेतील रक्तवाहिन्यांभोवती तपकिरी चरबी आढळल्याचे १९८१ मध्येच प्रसिद्ध झाले होते. पण खरा उलगडा झाला तो कर्करोगाच्या तपासणीतून. पेट स्कॅन या तपासणीत रुग्णाला किरणोत्सारी साखर टोचतात. शरीराचा जो भाग साखर अधिक खातो तो चित्रात उजळून दिसतो. अनेक रुग्णांच्या मानेत आणि गळ्याच्या हाडांच्या वर दोन्ही बाजूंना सारखेच उजळ पट्टे दिसत. रुग्णाला गरम ठेवले की ते नाहीसे होत. ते पट्टे तपकिरी चरबीचे होते.

२००९ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकात तीन देशांतील तीन अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले आणि मोठ्या माणसातही ही शेगडी धगधगत असते हे निश्चित झाले. अमेरिकेतील बोस्टनमध्ये १,९७२ रुग्णांची जुनी चित्रे तपासली, तेव्हा ७.५ टक्के स्त्रियांत आणि ३.१ टक्के पुरुषांत ती दिसली. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट येथे २४ तरुण पुरुषांना १६ अंशांच्या गारव्यात बसवले, तेव्हा त्यांपैकी २३ जणांत ती पेटलेली आढळली; मात्र स्थूल पुरुषांत तिचा जोर कमी होता. फिनलंडमधील तुर्कू येथे तर चरबीचा तुकडा काढून तपासून खात्री करून घेतली. आकड्यांतील फरकाचे कारण उघड आहे : नेहमीच्या खोलीत बसलेल्या माणसाची शेगडी विझलेली असते, गारव्यात बसलेल्याची पेटलेली.

वजनाचा मोह

येथून पुढे या विषयाला निराळेच वळण लागले. तुर्कूच्या संशोधकांनी हिशेब मांडला, की एका व्यक्तीच्या अंगातील सुमारे ६३ ग्रॅम तपकिरी चरबी वर्षभर पूर्ण जोराने पेटती ठेवली, तर ४ किलोंहून थोड्या अधिक चरबीइतकी शक्ती जळेल. या हिशेबाने जगाचे लक्ष वेधून घेतले. जेवण न सोडता आणि व्यायाम न करता वजन उतरवण्याची किल्ली सापडली, असे अनेकांना वाटले.

ही कल्पनाही तशी नवीन नव्हती. १९७९ मध्ये लंडनच्या नॅन्सी रॉथवेल आणि मायकेल स्टॉक यांनी उंदरांना माणसांचे चविष्ट खाणे मनसोक्त खाऊ घातले. जितके खाल्ले तितके त्यांचे वजन वाढले नाही. आणि जास्तीचे अन्न तपकिरी चरबी जाळून टाकते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. मात्र १९९७ मध्ये यूसीपी-१ नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा ते थंडीत गारठले, पण लठ्ठ झाले नाहीत. पुढे २००९ मध्ये असेच उंदीर ३० अंशांच्या उबेत वाढवले, तेव्हा ते लठ्ठ झाले. गार खोलीत कुडकुडण्यातच त्यांची शक्ती खर्च होत होती, म्हणून आधी लठ्ठपणा दिसला नव्हता. या दोन प्रयोगांवरून मला वाटते, की या चरबीचे पहिले काम तापमान राखण्याचे. वजनावर होणारा परिणाम त्यामागून येतो.

माणसाच्या बाबतीत हा परिणाम माफकच आहे. जपानमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही तरुण सहा आठवडे रोज दोन तास १७ अंशांच्या गारव्यात बसले. त्यांची तपकिरी चरबी वाढली आणि अंगातील चरबी थोडी घटली. पण वर्षभर पूर्ण जोराने शेगडी पेटती ठेवायची, तर माणसाने वर्षभर गारठ्यातच राहायला हवे. शिवाय थंडीत भूकही वाढते. औषधाने ही चरबी चेतवण्याचे प्रयत्न झाले आहेत. मूत्राशयाच्या विकारावरील मिराबेग्रॉन हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर १२ तरुणांचा विश्रांतीतील खर्च दिवसाला सुमारे २०० उष्मांकांनी वाढल्याचे २०१५ मध्ये दिसले. पण त्यासोबत हृदयाचे ठोकेही वाढले.

वजनापेक्षा आरोग्याशी असलेले या चरबीचे नाते अधिक विचार करण्याजोगे आहे. न्यूयॉर्कमध्ये ५२ हजारांहून अधिक रुग्णांच्या चित्रांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्यात तपकिरी चरबी दिसली, त्यांच्यात मधुमेहाचे प्रमाण ४.६ टक्के होते. इतरांत ते ९.५ टक्के होते. अर्थात दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आपल्यालाही लागू होईल असा एक अभ्यास नेदरलँड्समधील लायडन येथे झाला. तेथे राहणाऱ्या १२ दक्षिण आशियाई वंशाच्या तरुणांत ही चरबी १२ गोऱ्या तरुणांपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. चोवीस माणसांवरून सगळ्या उपखंडाविषयी बोलू नये. पण मधुमेह आपल्याकडे इतका का, या प्रश्नाचा विचार करताना ही एक दिशा आहे.

एक जुनी ठोकर

तंतुकणिकेचा सांडवा गोळी घेऊन उघडण्याचा प्रयोग माणसाने एकदा केला आहे, आणि तो विसरता कामा नये. डायनायट्रोफिनॉल नावाचे रसायन पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरीत. त्या कारखान्यांतील कामगार घामाघूम होत, रोडावत आणि काही तापाने मरत. १९३३ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्डच्या संशोधकांनी हेच रसायन वजन उतरवण्यासाठी वापरून पाहिले. वजन खरोखरच उतरले. वर्षभरात लाखभर लोकांनी ते घेतले. मग कित्येकांना मोतीबिंदू झाले, काही जण स्वतःच्याच अंगातील उष्णतेने मृत्यू पावले, आणि १९३८ मध्ये अमेरिकेने ते माणसांच्या उपयोगास अयोग्य ठरवले. तरीही चोरून विकल्या जाणाऱ्या त्याच्या गोळ्यांनी अजूनही बळी घेतले जातात.

असे का व्हावे? तपकिरी चरबीचा सांडवा फक्त तिच्याच पेशींत असतो आणि तो मेंदूच्या आज्ञेने उघडतो-मिटतो. हे रसायन मात्र शरीरातील प्रत्येक पेशीच्या धरणाला भोक पाडते, आणि ते भोक कोणाच्याही आज्ञेने बुजत नाही. शेगडी म्हणजे मर्यादेत ठेवलेला विस्तव. मर्यादा काढून घेतली की घराला आग लागते.

शेगडीची खरी जागा

या विषयावर वाचताना एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. तपकिरी चरबीने वजन कसे उतरवावे यावर जेवढे लिहिलेले सापडले, त्याच्या निम्मेही तान्ह्या बाळांविषयी सापडले नाही. चरबी एकच, पण तिला दोन प्रश्न विचारले जातात. ज्यांच्या कणग्या भरून वाहतात ते विचारतात, जास्तीचे कसे जाळावे? ज्यांच्या घरी दोन किलोंचे लेकरू जन्मते ते विचारतात, आहे ते कसे पुरवावे? पहिला प्रश्न खोटा आहे असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याचे उत्तर आज आपल्या हाती आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी १९७८ मध्ये काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या, म्हणून अशक्त बाळांना आईच्या छातीशी बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. तिलाच आज कांगारू पद्धत म्हणतात. भारतासह पाच देशांतील रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलोंच्या बाळांना जन्मल्याबरोबर असे ठेवले, तेव्हा मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बाळांची काळजी घेण्याचे शिक्षण दिले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार, तिसऱ्या वर्षापर्यंत तेथील नवजात बाळांचे मृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झाले. जंतुसंसर्गावरील इंजेक्शनांसह अनेक उपाय त्यात होते. बाळाला ऊब देणे हा त्यांतील एक. त्या स्त्रियांपैकी बहुतेकींनी कॉलेज पाहिलेले नव्हते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते.

एवढे वाचून झाल्यावर मी आजीजवळ बसले. तंतुकणिका आणि प्रोटॉन तिला सांगून उपयोग नव्हता. मी म्हटले, "आजी, जात्यात दाणे न घालता जातं फिरवलं तर काय होईल?"

"पीठ पडायचं न्हाई. दगडावर दगड घासून तापंल नुसता."

"बाळाच्या पाठीत तसंच एक जातं आहे. ते पीठ पाडत नाही, नुसतं तापतं. आपल्यासारखं त्याला कुडकुडता येत नाही, म्हणून देवानं ते दिलंय. पण फिरवायला जोर लागतो, आणि एवढ्याशा जिवाला जोर कुठला?"

मग परिचारिकेने सांगितलेली खूण मी तिला दाखवली. हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायांना लावून पाहायची. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पाय गार आणि पोट उबदार असेल, तर बाळाची शेगडी जोराने जळते आहे. त्याला लगेच छातीशी धरावे आणि पाजावे. दोन्ही गार असतील तर शेगडी विझू लागली आहे. बाळाला अंगाशी धरूनच तडक दवाखाना गाठावा. दार-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याचा धोकाही मी तिला सांगितला. तो धूर बाळाला लागणारा प्राणवायूच हिरावून घेतो.

आजी बराच वेळ बोलली नाही. तिने बाळाच्या पायांना हात लावून पाहिला, त्याला टोपडे घातले, कुंची बांधली. टोपडे, कुंची, दुपटी हे सारे तिचेच ज्ञान. विज्ञानाने त्यातले काहीही खोटे ठरवलेले नाही. मग ती म्हणाली, "शेगडी त्याच्याजवळ हाय म्हंतीस. मग सरपण आपण घालायचं. जा, पोरीला उठव. दूध पाजायची वेळ झालीय."

बाळाची पहिली आंघोळ त्यानंतर अडीच आठवड्यांनी झाली. दुपारच्या उन्हाच्या वेळी, दार लावून, आजीच्याच हातून.